भाषांचे नाते, माणसांची वंशावळ

भाषांबद्दल बोलताना आपण घरातले शब्द वापरतो. मराठी संस्कृतची लेक, गुजराती आणि कोकणी तिच्या बहिणी, आणि या सगळ्यांचे मिळून एक भाषाकुल. हे शब्द सोयीचे आहेत, त्यामुळे ते शाळेच्या पुस्तकांत आणि सभेतल्या भाषणांत सारखेच रुळले आहेत. पण त्यांच्या आडून एक गैरसमज आपल्या मनात घर करून बसला आहे. भाषेचे कूळ तेच ती बोलणाऱ्यांचेही कूळ, असे आपण न बोलता धरून चालतो. मग ‘आर्य’ आणि ‘द्राविड’ ही भाषांच्या वर्गीकरणातली नावे रक्ताची नावे होतात, आणि कोण इथला, कोण बाहेरचा, याचे निवाडे व्याकरणाच्या आधारे होऊ लागतात. ही गल्लत किती खोटी आहे आणि ती किती जीव घेऊ शकते, हे पाहायचे तर आफ्रिकेतल्या बांटू भाषांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. त्या कुळाचे धागे नाशिक, गीर, यल्लापूर आणि लखनौपर्यंत येऊन पोचलेले असल्याने हा विषय आपल्यालाही परका नाही. भाषाकुल भाषांचा इतिहास सांगते. त्यावरून माणसाचा वंश, त्याची लायकी किंवा त्याचा देश ठरवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी हे कूळ किती मोठे आणि किती पक्के आहे ते पाहू. पश्चिमेला कॅमेरूनपासून पूर्वेला केनियाच्या किनाऱ्यापर्यंत आणि दक्षिणेला थेट केप प्रांतापर्यंत पाचशेच्या आसपास बांटू भाषा बोलल्या जातात. बोलणारे तीस कोटींहून अधिक आहेत. स्वाहिली, झुलू, खोसा, शोना, लिंगाला, किन्यारवांडा ही त्यांतली आपल्या कानांवर पडणारी नावे. त्यांचे नाते ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. ‘माणूस’ आणि ‘माणसे’ यांना झुलूत उमुन्तू आणि अबन्तू म्हणतात, शोनात मुन्हू आणि वान्हू, लिंगालात मोतो आणि बातो, स्वाहिलीत म्तू आणि वातू. विल्हेल्म ब्लेक या जर्मन अभ्यासकाने १८६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांचे तौलनिक व्याकरण छापायला घेतले, आणि याच शब्दावरून या कुळाला ‘बांटू’ हे नाव मिळाले. पण शब्दांपेक्षाही घट्ट पुरावा आहे व्याकरणाचा. मराठीत नामाला तीन लिंगे आहेत. बांटू भाषांत नामांचे दहा-पंधरा वर्ग असतात आणि वर्गाची खूण शब्दाच्या सुरुवातीला लागते. ती खूण मग विशेषणाला आणि क्रियापदालाही लावावी लागते. ‘मोठे पुस्तक पडले’ हे स्वाहिलीत होते ‘किताबू किकुब्वा किमेआंगुका’. अनेकवचनात तिन्ही शब्दांचे तोंड एकदम बदलते: ‘विताबू विकुब्वा विमेआंगुका’. यातला किताबू म्हणजे अरबीतून गेलेला, आपल्याही ओळखीचा ‘किताब’. पण स्वाहिलीने त्यातल्या ‘कि’ला आपल्या वर्गाची खूण मानले आणि अरबी पुस्तकाचे अनेकवचन बांटू रीतीने केले. स्वाहिलीत अरबी शब्द ढिगाने आहेत, गुजराती-हिंदीकडून गेलेले ‘गारी’ आणि ‘दुका’ही आहेत, तरी ती बांटूच राहिली, कारण तिचा सांगाडा बांटू आहे. भाषेचे नाते असे तपासतात: नियमाने जुळणारे ध्वनी आणि व्याकरणाची घडण पाहून. बोलणाऱ्याच्या कातडीचा रंग किंवा नाकाची ठेवण त्या तपासणीत कुठेच येत नाही.

इथे पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो वजनदार आहे. या भाषा एवढ्या पसरल्या त्या माणसांबरोबरच ना? अमेरिकी भाषावैज्ञानिक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी दाखवून दिले की बांटू भाषांचे सर्वांत जवळचे नातलग कॅमेरून आणि नायजेरियाच्या सीमाभागात आहेत, तेव्हा हा प्रवास तिथूनच सुरू झाला असला पाहिजे. पुरातत्त्व सांगते की चार-पाच हजार वर्षांपूर्वीपासून शेती करणारे, आणि नंतर लोखंड गाळणारे समूह तिथून पूर्वेला आणि दक्षिणेला सरकत गेले. जनुकशास्त्रही सांगते की माणसे खरोखर हलली, नुसते शब्द हलले नाहीत. मग भाषा आणि रक्त एकत्रच चालले, असे का म्हणू नये? हे सगळे मान्य करूनही पुढचे पाहावे लागते. खोसा आणि झुलू भाषांत जिभेने टाळूवर टिचकी मारल्यासारखे ध्वनी आहेत. हे ध्वनी मूळ बांटू घडणीतले नव्हेत. ते दक्षिणेत आधीपासून राहणाऱ्या खोइखोई आणि सान लोकांच्या भाषांतून आले, आणि लग्नसंबंध, शेजार आणि घरातल्या बोलण्याशिवाय असे ध्वनी एका भाषेतून दुसरीत शिरत नाहीत. म्हणजे खोसा बोलणाऱ्याच्या पूर्वजांत बांटू बोलणारे आहेत तसेच न बोलणारेही आहेत. मध्य आफ्रिकेच्या अरण्यात शिकार आणि कंदमुळांवर जगणारे आका लोक आज एक बांटू भाषा बोलतात, पण त्यांची पूर्वपरंपरा शेतकरी शेजाऱ्यांहून निराळी आणि फार जुनी आहे. भाषा आणि वंश काही अंतर बरोबर चालतात, काही वळणांवर फुटतात, पुन्हा कुठे तरी भेटतात. ते कधी बरोबर होते आणि कधी वेगळे झाले, हे प्रत्येक वेळी स्वतंत्र पुराव्याने ठरवावे लागते. एकावरून दुसरे गृहीत धरता येत नाही.

गृहीत धरले की काय होते, याचा पहिला धडा एका थोर भाषावैज्ञानिकाच्याच कामात सापडतो. कार्ल माइनहोफ यांनी १८९९ मध्ये बांटू भाषांच्या ध्वनिनियमांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तौलनिक बांटू अभ्यासाचा पाया त्यांनी घातला, हे आजही मान्य आहे. पण त्याच माइनहोफांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात ‘हॅमिटिक’ भाषांची जी जुळवाजुळव केली, तिच्यात व्याकरणाबरोबर गुरे पाळण्याची रीत आणि शरीराची ठेवणही पुराव्यात घेतली. उत्तरेकडून आलेली उजळ, राज्य करणारी हॅमिटिक जात आणि तिच्या हाताखालचे बांटू शेतकरी, हे चित्र वसाहतीच्या राज्यकर्त्यांना फारच सोयीचे होते. रवांडात जर्मन आणि मग बेल्जियन अंमलदारांनी तेच चित्र लावले. तुत्सी म्हणजे बाहेरून आलेले हॅमिटिक, हुतू म्हणजे बांटू, असे ठरवून टाकले. वास्तविक हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिघेही एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा, आणि ती निखळ बांटू आहे. भाषेच्या नावाने वंश पाडणाऱ्यांनी भाषेचीच साक्ष बाजूला सारली. १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे छापले जाऊ लागले. १९९२ मध्ये एका राजकारण्याने भरसभेत तुत्सींना नदीवाटे इथिओपियाला परत पाठवण्याची भाषा केली. १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर मरणारा कोण हे त्या ओळखपत्रांवरून ठरले. या संहारामागे जमिनीची टंचाई, सत्तेची लढाई आणि युद्ध ही कारणेही होती. पण शेजाऱ्याला परका ठरवण्याची जी भाषा मारेकऱ्यांच्या हाती आयती लागली, ती अभ्यासाच्या टेबलावर तयार झालेली होती.

दक्षिण आफ्रिकेत हीच गल्लत कायद्याच्या पुस्तकात गेली. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मुद्दाम खालच्या दर्जाची वेगळी शाळा निर्माण केली. १९५९ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांचे भाषेवरून गट पाडून प्रत्येक गटाला एक ‘स्वदेश’ नेमून दिला, आणि १९७० च्या कायद्याने जोहान्सबर्गच्या कारखान्यात जन्म काढणाऱ्या माणसालाही त्या कधी न पाहिलेल्या स्वदेशाचा नागरिक ठरवले. झुलू आणि खोसा या भाषा एवढ्या जवळच्या आहेत की बोलणाऱ्यांना एकमेकांचे बरेचसे समजते. तरी त्यांची दोन राष्ट्रे मानली गेली. म्हणजे सरकारला वंश हवा होता तेव्हा सगळे मिळून एक ‘बांटू’ होते, आणि फूट हवी होती तेव्हा दर बोलीचे एक राष्ट्र होते. आज दक्षिण आफ्रिकेत माणसाला ‘बांटू’ म्हणणे अपमानाचे समजतात, आणि ते योग्यच आहे. भाषाविज्ञानात मात्र हा शब्द टिकून आहे. यावर कोणी म्हणेल की एवढा विटाळलेला शब्द टाकूनच द्यावा. तिथल्या काही अभ्यासकांनी ‘सिंटू’ असे दुसरे नाव सुचवलेही आहे. नाव बदलायला हरकत नाही. पण भाषेच्या वर्गातून माणसाचा वर्ग काढण्याची सवय गेली नाही, तर नवे नावही दहा वर्षांत तसेच डागाळेल. इलाज ग्रीनबर्गांच्या पद्धतीत आहे. १९६३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आफ्रिकेतल्या सगळ्या भाषांचे वर्गीकरण केवळ भाषिक पुराव्यावर केले, वंश आणि व्यवसाय त्यातून कटाक्षाने वगळले, आणि त्या कसोटीवर हॅमिटिक नावाची शाखा उरलीच नाही. एवढा वेळ गुपचूप आत घेतलेला वंश बाहेर काढल्याबरोबर तो डोलारा कोसळला.

आता आपल्याकडे या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षे आफ्रिकी माणसे येत राहिली, काही शिपाई आणि दर्यावर्दी म्हणून, बरीच गुलाम म्हणून. आपण त्या सगळ्यांना ‘हबशी’ किंवा ‘सिद्दी’ म्हणून मोकळे झालो. पण निजामशाहीचा कारभार हाकणारा आणि खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियातला. त्या मुलुखातल्या अम्हारिक आणि ओरोमो या भाषा बांटू कुळातल्या नव्हेत. उलट पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यात आणलेले आणि अरबांनी झांझिबारच्या बाजूने आणलेले लोक प्रामुख्याने बांटू भाषा बोलणारे होते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या वारशाचा मोठा भाग आफ्रिकेतल्या बांटू भाषकांशी जुळतो आणि उरलेला प्रामुख्याने भारतीय आहे, असे त्यात दिसले. आणि आज ते बोलतात काय? गीरजवळच्या जांबुरचे सिद्दी गुजराती बोलतात. यल्लापूर-हल्याळच्या रानातले सिद्दी कोकणीच्या वळणाची, मराठी-कन्नड मिसळलेली बोली बोलतात. भाषाकुलाच्या तक्त्यात हे लोक आर्य शाखेत बसतात आणि त्यांच्या रक्तातला मोठा भाग कॅमेरूनपासून निघालेल्या प्रवासाचा आहे. भाषेवरून वंश काढणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

सिद्दींच्या मूळ भाषा गेल्या त्या दुबळ्या होत्या म्हणून नव्हे. अर्धा खंड व्यापणाऱ्या भाषांना दुबळ्या कोण म्हणेल? त्या गेल्या कारण त्या बोलायला शेजारी कोणी ठेवले नाही. गुलाम एकेकटे विकले गेले. एकाच जहाजावरच्या दोघांच्या भाषा बहुधा वेगळ्या असत आणि आईजवळ मूल राहीलच याची शाश्वती नव्हती. भाषा टिकायला घर लागते, दोन पिढ्या एका छपराखाली लागतात. ते हिरावले की तीस कोटींची भाषा असो की तीनशेंची, परिणाम सारखाच. जे एकट्याला बरोबर नेता आले आणि देवापुढे एकत्र जपता आले तेवढे उरले. भरूचजवळ रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर आजही गुजरातचे सिद्दी नाचतात, त्या नाचाला गोमा म्हणतात, आणि स्वाहिलीत ढोलाला आणि नाचाला ‘न्गोमा’ म्हणतात. त्यांचे मलुंगा हे एकतारी धनुष्यवाद्य तुंबा लावून छातीशी धरून वाजवतात, आणि तसली धनुष्ये आग्नेय आफ्रिकेत जागोजागी सापडतात. भाषा मुकी झाली तरी ताल राहिला.

महाराष्ट्राच्या मातीत या गोष्टीचा एक वेगळा अध्याय लिहिला गेला आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्रजी आरमाराने गुलामांची जहाजे पकडून जी मुले सोडवली, त्यांतली कित्येक मुंबईला उतरवली गेली आणि नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली गेली. तिथे त्यांना अक्षरओळख, सुतारकी, लोहारकी शिकवली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये नाशिकला आला आणि पुढच्या वर्षीच्या आफ्रिकेतल्या शोधमोहिमेसाठी त्याने तिथले नऊ तरुण निवडले. त्यांच्या मागून १८७२ मध्ये आणखी काही पाठवले गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. जन्माने तो याओ, म्हणजे त्याची पहिली भाषा बांटू. वाढला नाशिकला. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन मरण पावला तेव्हा झाडाच्या बुंध्यावर त्याचे नाव आणि तारीख जेकबने कोरली, त्या काळाची रोजनिशी इंग्रजीत लिहिली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर तो उभा होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसले तेव्हा शरणपूरचेच पाद्री प्राइस ते वसवायला गेले आणि नाशिकचे आफ्रिकी तिथे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक झाले. ‘बांटू’ रक्ताच्या या माणसांना बांटू मुलुखात आपलेपणाने सामावून घेतले का? तिथे त्यांचे नाव पडले ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. रक्त तेच, रंग तोच, पूर्वजांचा मुलूख तोच. पण वाढ, शिक्षण आणि बोलणे मुंबई इलाख्यातले होते, म्हणून ते वेगळे ओळखले गेले. वंश हेच सगळे असते तर हा वेगळेपणा जन्माला आलाच नसता.

लखनौच्या इतिहासातही हा धागा आहे. अवधच्या दरबारात आफ्रिकी शिपाई आणि सेवक होते, वाजिद अली शाहच्या एका बेगमेचे, यास्मीन महलचे, मूळ आफ्रिकी होते, आणि १८५७ मध्ये रेसिडेन्सीच्या वेढ्यात आफ्रिकी नेमबाज इंग्रजांविरुद्ध लढत होते असे इंग्रजांच्याच वृत्तांतांत येते. त्यांच्या मातृभाषा या शहरात कुठेही ऐकू येत नाहीत. उर्दू आणि अवधीने त्या पोटात घेतल्या. हीच प्रक्रिया सौम्य रूपात पाहायची तर त्याच लखनौतले मानक नगर पाहावे. १९५७ मध्ये दोन जुन्या कार्यालयांना एकत्र करून रेल्वेची आरडीएसओ ही संशोधनसंस्था उभी राहिली. देशभरातल्या इंजिनांचे, डब्यांचे, रुळांचे आराखडे आणि मानके तिथे ठरतात, आणि नोकरीच्या निमित्ताने तमिळ, बंगाली, मल्याळी, मराठी कुटुंबे तिथल्या वसाहतीत येऊन राहतात. आईवडील घरात आपली भाषा बोलतात, मुले मैदानात हिंदी बोलतात, आणि जे कुटुंब तिथेच स्थिरावते त्याच्या तिसऱ्या पिढीत घरचीही भाषा हिंदी होण्याचा संभव मोठा असतो. तमिळ आजोबांचा नातू हिंदी बोलू लागल्याने द्राविडाचा आर्य झाला, असे तिथे कोणी म्हणणार नाही, कारण ते डोळ्यांसमोर घडते. तीन हजार वर्षांपूर्वी घडलेल्या अशाच बदलांबद्दल मात्र आपण बिनदिक्कत तसे म्हणतो. सिद्दींची भाषा साखळदंडाने तुटली आणि वसाहतीतल्या मुलांची सोयीने सुटते. या दोहोंत न्याय-अन्यायाचे केवढे तरी अंतर आहे. पण भाषा बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. भाषाकुल वंश सांगत नसेल तर त्याचा उपयोग काय, आणि भाषा गेली तरी माणूस राहतोच, मग तिच्या जाण्याचे दुःख कशाला? याचे उत्तर असे की भाषाकुल फार मोठी गोष्ट सांगते: कोण कोणाच्या शेजारी राहिले, कोणी कोणाकडून शेती, धातू, देव, नातेसंबंधांची नावे घेतली. आफ्रिकेच्या ज्या भागांत लिखित कागद नव्हते तिथला हजारो वर्षांचा इतिहास अभ्यासकांना बराचसा शब्दांतून वाचता आला. भाषा मेली की त्या इतिहासाची एकमेव प्रत जाते. म्हणून भाषा जपायच्या. फक्त ती जपणे हा माणसाचा हक्क असावा, त्याची परीक्षा नसावी. सिद्दींना गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत आणि २००३ पासून कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. आफ्रिकी भाषा बोलून दाखवा, मगच तुम्ही सिद्दी, अशी अट घातली असती तर एकही सिद्दी तिच्यात उतरला नसता, आणि ज्यांची भाषा जुलमाने गेली त्यांच्यावरच तिच्या जाण्याचे खापर फुटले असते.

ही गोष्ट महाराष्ट्राला लागू आहे, कारण आपल्या एका राज्यात आर्य शाखेची मराठी, द्राविड कुळातल्या गोंडी आणि कोलामी, मुंडा शाखेची मेळघाटातली कोरकू, आणि कोणत्याच कुळात न बसणारी बुलढाण्याकडची निहाली, एवढ्या वेगळ्या घराण्यांच्या भाषा नांदतात. ज्या गोंड कुटुंबाच्या घरात आज मराठीच बोलली जाते ते कमी गोंड होत नाही. निहालीला कूळ सापडत नाही म्हणून ती बोलणारे बेवारस ठरत नाहीत. आणि स्वतः मराठी? बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्यालाही धरणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद द्राविड शेजारातून आला असे अनेक अभ्यासक मानतात. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविड भाषांचे व्याकरण लिहिले तेव्हा एक स्वतंत्र भाषाकुल पक्के झाले, हे मोठे काम होते. त्यातून दोन वंशांची लढाई उभी केली गेली, हा त्या कामाचा गैरवापर होता. शुद्ध आर्यत्वाचा अभिमान बाळगणाऱ्याची भाषा आणि शुद्ध द्राविडत्वाचा अभिमान बाळगणाऱ्याची भाषा, दोन्ही सरमिसळीतूनच घडल्या आहेत.

म्हणून आग्रह तीन गोष्टींचा आहे. भाषाकुलांचे तक्ते शाळेत जरूर शिकवावेत, पण ते माणसांच्या वंशाचे तक्ते नव्हेत हे त्याच पानावर ठळकपणे सांगावे, आणि सिद्दींचे उदाहरण तिथे द्यावे. कोणत्याही समाजाची ओळख किंवा सवलत ठरवताना भाषा ही एकमेव कसोटी कधीही मानू नये. आणि गोंडी, कोलामी, कोरकू, निहाली या भाषांतून प्राथमिक शिक्षण देण्याचे काम करताना ‘मूळ’ आणि ‘उपरे’ यांचा वाद मध्ये आणू नये. मूल जी भाषा घरी बोलते तिच्यात शिकण्याचा त्याला हक्क आहे, एवढे कारण पुरे. रवांडातल्या नाक्यांवर माणसे मारली गेली तेव्हा मरणारा आणि मारणारा एकाच भाषेत बोलत होते. भाषेचे नाते एवढे खरे असूनही तिथे कामी आले नाही, कारण त्याआधी साठ वर्षे लोकांना रक्ताचे खोटे नाते शिकवले गेले होते. आपल्या मुलांना आपण कोणते शिकवतो, याची जबाबदारी शिक्षक, लेखक आणि राज्यकर्ते या सगळ्यांची आहे, आणि ती आजच उचलायला हवी.